मेळघाटात फिल्डवर्कला जाताय? आधी जीपचं वाचा

सगळ्यात महत्त्वाचं आधी. हरिसालला एसटीतून उतरल्यावर जो पहिला जीपवाला "शेअरिंगची गेली, आता स्पेशलच" म्हणेल, त्याच्या गाडीत बसू नका. आम्ही आठ जण बसलो आणि आतल्या गावापर्यंत 1400 रुपये मोजले. गावात कळलं की सीट भरून जाणारी गाडी माणशी पन्नास रुपये घेते आणि आमच्यानंतर तासाभराने एक आलीसुद्धा. थांबायला हवं होतं. पण एसटीत घटांगच्या वळणांवर तिघांना उलट्या झाल्या होत्या, घासाघीस करायची ताकद कुणात नव्हती.

फिल्डवर्क म्हणजे दोन क्रेडिटचं, साठ तासांचं प्रकरण. टीवायच्या समाजशास्त्राला यंदा आम्हाला कोरकू आदिवासींचं गाव मिळालं. सीनियर्सच्या फाइलमध्ये लिहिलं होतं, अकोल्याहून छोटी गाडी धरा, धूळघाटला उतरा. ती मीटरगेज रेल्वे 2017 सालीच बंद झाली! फाइल मात्र पिढ्यानपिढ्या झेरॉक्स होत आलीय. आताचा रस्ता असा: पुण्याहून रात्रीच्या गाडीने बडनेरा, अमरावतीच्या स्टँडवरून परतवाडा, पुढे धारणीची एसटी. ती सेमाडोहवरून हरिसालला येते. मुलींना एसटीत अर्धं तिकीट, म्हणजे जीपने खाल्लेले थोडे तरी वसूल होतात. परतवाड्यातच उलटीची गोळी घ्या. पुढचा रस्ता व्याघ्रप्रकल्पातून जातो, तेव्हा उजेडात पोहोचेल अशीच गाडी धरा.

दुसरी फसगत महिन्याची. आम्ही जानेवारीत गेलो, कारण कॉलेजला तेव्हाच सोयीचं होतं. कोरकू गावाची रचना देखणी असते, मधून रस्ता आणि दोन्ही बाजूंना समोरासमोर घरांची रांग. त्या रांगेत निम्म्या दारांना कुलपं. दिवाळीनंतर माणसं खाली सपाटीवर मजुरीला जातात, पोरंबाळं घेऊन, आणि होळीला परततात. आमच्या फॉर्मवर बारावा प्रश्न होता, 'आपल्या कुटुंबातून स्थलांतर होते का?' एका आजींना मी तो विचारला. त्या म्हणाल्या, "ताले गिन लो." मोजली, एकवीस निघाली. साठ तासांतलं खरं काम तेवढंच झालं असं मला वाटतं.

होळीच्या दिवसांतही जाऊ नका. माणसं घरी असतात, पण फॉर्म भरायला कोण बसेल? शिवाय रस्त्यात ओंडका टाकून फगवा, म्हणजे होळीचे पैसे, मागतात, तो द्यायचाच, तिथे घासाघीस नको. होळी उरकून आठवडा झाला की जा.

फॉर्म मराठीत होता, तोही गुगलवर. दोन्ही चुका. हरिसाल 2016 साली 'डिजिटल गाव' म्हणून गाजलं म्हणून आम्ही निर्धास्त होतो, आत रेंजचा पत्ता नव्हता. कागद न्या. आणि घरात कोरकू, बाहेरच्याशी हिंदी, असा तिथला व्यवहार. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, मराठीवरून अंदाज बांधू म्हणाल तर पाण्याला 'डा' म्हणतात, बघा काही जुळतंय का. आश्रमशाळेतून सुट्टीवर आलेली दहावीची एक मुलगी दुभाषी झाली म्हणून निभावलं. अशा मुलीला दिवसाचे पैसे द्या, खाऊ देऊन भागवू नका. आमच्या सरांना हे सुचलं नव्हतं, आम्ही वर्गणी काढली.

कुपोषणाचा प्रश्न पहिल्या दिवशी काढू नका. 1993 पासून पेपरवाले, डॉक्टर, कॉलेजं तेच विचारत आलीयत. पहिल्याच अंगणात बाईंनी आम्हाला बघून आत हाक मारली, "कुपोषणवाले आ गये." निघण्यापूर्वी गावच्या आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंशी फोनवर बोलून घ्या. त्या सोबत असल्या की दारं उघडतात.

सेमाडोहचा दिवस छान गेला. नदी, जंगल वगैरे.

परतीच्या दिवशी आम्ही पहाटेच झाडाखाली जाऊन बसलो, बाजाराची गाडी धरायला. माणशी पन्नास, कोंबड्यांसकट. ड्रायव्हर तोच, स्पेशलवाला. त्याने ओळख दाखवली, वर विचारलं, "क्यों, पैदल नहीं जाना?"