तुम्ही विचारलंत म्हणून: सॅलस्ट का वाचावा?

रोमन इतिहासकार सॅलस्टचे नाव मी घेतले की विद्यार्थ्यांपैकी कोणीतरी हमखास विचारतो: ज्याच्यावर प्रांत लुबाडल्याचा आरोप झाला, त्याने सदाचाराविषयी लिहिलेले आपण का वाचावे? प्रश्न रास्त आहे. इ. स. पू. ५० मध्ये त्याला सिनेटमधून काढून टाकण्यात आले; पुढे सीझरच्या मर्जीने इ. स. पू. ४६ मध्ये तो आफ्रिकेतील नव्या प्रांताचा सुभेदार झाला आणि परतल्यावर खंडणीच्या आरोपातून, प्राचीन इतिहासकार सांगतात त्याप्रमाणे, सीझरमुळेच सुटला. रोममधील प्रशस्त बागा पुढे त्याच्याच नावाने ओळखल्या गेल्या. त्यांचा पैसा कोठून आला असेल, याचा तर्क तुम्हीच करा.

उपदेश म्हणून मी त्याला वाचत नाही. पूर्वज थोर होते आणि आपण बिघडलो, एवढाच त्याचा उपदेश आहे, आणि तो कोणत्याही काळात कोणीही करतो. माणसे कोणत्या क्रमाने बिघडतात, हे मात्र त्याने आतून पाहिले होते. त्याच्या मते आधी महत्त्वाकांक्षा येते, आणि ती दुर्गुण असली तरी सद्गुणाच्या जवळची असते; कारण मान आणि अधिकार चांगल्यालाही हवे असतात व नालायकालाही, फक्त पहिला सरळ वाटेने जातो आणि दुसरा कपटाने. लोभ शिरला की मात्र तो सुबत्तेनेही शमत नाही आणि टंचाईनेही नाही. इ. स. पू. १४६ मध्ये रोमचे उत्तर आफ्रिकेतील प्रतिस्पर्धी शहर कार्थेज उद्ध्वस्त झाले, शत्रूचा धाक संपला आणि रोमनांची शिस्त सैल पडली, असे तो लिहितो. रोमनांचा सदाचार बऱ्याच अंशी धाकावर टिकला होता, हे यातून निघणारे अनुमान त्याच्या पूर्वजस्तुतीला छेद देते, आणि मला तेच अधिक पटते.

उत्तर आफ्रिकेतील नुमिडिया या राज्याचा राजा जुगुर्था सिनेटरांना पैसे चारत असे. रोम सोडताना त्याने मागे वळून, हे विकाऊ शहर गिऱ्हाईक मिळताच बुडेल, असे उद्गार काढल्याचे सॅलस्टच नोंदवतो. सॅलस्टच्या सुभेदारीचा प्रांत याच नुमिडियाच्या मुलखातून बनवलेला होता. रोमची सत्ता उलथवू पाहणाऱ्या कॅटिलाइनच्या कटावरील आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत मात्र तो स्वतःकडे फक्त तरुणपणीची मानाची हाव घेतो आणि लोभ इतरांच्या पदरी टाकतो. ही प्रस्तावना मी विद्यार्थ्यांना आधी वाचायला देतो, आणि सुभेदारीची हकीकत त्यानंतरच सांगतो.