बॅलराटच्या कुंपणावरच्या फिती

आई मेलबर्नला आली की बॅलराटची फेरी ठरलेलीच. दीडएक तासाचा रस्ता, जुन्या सोन्याच्या खाणी, तळ्याकाठी डबा. या खेपेला परतताना मी सेंट अलिपियसच्या जुन्या शाळेपाशी गाडी थांबवली. कुंपणाला रंगीबेरंगी फिती बांधलेल्या. काही उन्हाने पार विटलेल्या.

“नवस बोललेत का गं इथे?” आईने विचारलं.

नवस नव्हे. या गावात कॅथलिक धर्मगुरूंनी आणि शाळेत शिकवणाऱ्या ब्रदरांनी, म्हणजे चर्चच्या व्रतस्थ शिक्षकांनी, कितीतरी मुलांवर लैंगिक अत्याचार केले. तक्रारी गेल्या, तेव्हा गुन्हेगारांच्या बदल्या झाल्या. 2015 मध्ये रॉयल कमिशनची, म्हणजे अशा अत्याचारांची देशभर चौकशी करणाऱ्या सरकारी आयोगाची, सुनावणी इथे भरली, तेव्हा ‘आम्ही तुमच्या पाठीशी आहोत’ हे सांगायला लोक फिती बांधू लागले.

पण मला आईला सांगायचं होतं ते त्याआधीचं. 2012 मध्ये इथल्या व्हिक्टोरिया राज्याच्या सरकारने अशा अत्याचारांची वेगळी चौकशी संसदेतल्या आमदारांच्या समितीकडे सोपवली. समिती मेलबर्नमध्ये बसून राहिली नाही, बॅलराटलाही आली. बालपणी जे सोसलं ते मोठेपणी, केस पिकल्यावर, माणसं आमदारांसमोर जाहीरपणे सांगत होती. मुलं गमावलेले आईबापही बोलले. शब्दन् शब्द सरकारदरबारी नोंदला गेला.

आणि कायदे बदलले. मुलावर अत्याचार झाल्याचं ठाऊक असूनही पोलिसांना न कळवणं 2014 मध्ये गुन्हा ठरला. 2015 मध्ये भरपाईच्या दाव्याची मुदतच काढून टाकली. ही मुदत फार जाचक होती. झालेलं पहिल्यांदा बोलून दाखवायला पीडितांना सरासरी जवळपास 24 वर्षं लागतात, असं पुढे रॉयल कमिशनलाच आढळलं. तोवर कोर्टाचं दार बंद झालेलं असायचं.

आपल्याकडे पॉक्सो कायदाही 2012 चाच, आणि पोलिसांना कळवणं त्यातही बंधनकारक आहे. तरी ‘घरातलं घरातच राहू दे’ म्हणत आपण किती पोरांची तोंडं बंद केली! विधानभवनात असं सोसलेल्या माणसाला समोर खुर्ची देऊन आमदारांनी म्हणावं, “बोला, आम्ही ऐकतोय.” मला हे मनापासून हवं आहे.

“इतकी वर्षं कुणाला सांगितलंच नाही त्यांनी?”

“सांगितलं होतं गं आई. कुणी ऐकलं नाही.”

आई काहीच बोलली नाही. वाऱ्याने गुंतलेल्या दोन फिती तिने हलक्या हाताने सोडवल्या आणि गाडीकडे वळली.