आमची वाटचाल: दुरुस्तीकडून गॅसकडे

कुपवाड एमआयडीसीत भाड्याच्या शेडमध्ये आम्ही क्लोरिनेटरच्या, म्हणजे पाणी शुद्ध करायला त्यात क्लोरीन गॅस सोडणाऱ्या यंत्राच्या, दुरुस्तीने सुरुवात केली. गॅसची विक्री नंतर आली. क्रम उलटा वाटेल, पण क्लोरीन कुठे घात करतो हे विकायला लागण्याआधीच आम्ही उघडून पाहिलेलं होतं.

कोरडा क्लोरीन नेहमीच्या तापमानाला पोलादाच्या वाट्याला जात नाही. ९०० किलो क्लोरीन मावणारे मोठे सिलिंडर, म्हणजे टनर, पोलादाचेच असतात. ओल शिरली की मात्र हायड्रोक्लोरिक आणि हायपोक्लोरस आम्ल तयार होतं आणि व्हॉल्व्ह, नळ्या आतून खाल्ल्या जातात. आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा तिथंच सापडतं. म्हणून टनर रिकामा झाला तरी व्हॉल्व्ह बंद आणि टोपी घट्ट, हा आमचा हट्ट. शिशाचा वॉशरही प्रत्येक जोडणीला नवाच. "अहो साहेब, चांगला आहे की अजून!" म्हणणारे ऑपरेटर भेटतातच. एकदा दबलेला वॉशर पुन्हा नीट बसत नाही.

गळती शोधायची तर अमोनियाचा बोळा काठीला बांधून सांध्याजवळ फिरवायचा; पांढरा धूर निघाला की जागा सापडली. गळतीवर पाणी मात्र मारायचं नाही, त्या आम्लाने भोक मोठं होतं. गॅस हवेपेक्षा अडीच पट जड, त्यामुळे पळायचं ते वाऱ्याच्या उलट आणि उंचावर.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी चढू लागलं तेव्हा आम्हाला काळजी रिकाम्या टनरची होती. भरलेला जागचा हलत नाही, रिकामा तरंगत जातो. साखळदंड आधी त्यांना घातले.

लहान ग्रामपंचायतींना आम्ही गॅस घ्या म्हणत नाही. तिथं टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडरच बरी, फक्त ताजी हवी. उघडं पोतं महिनाभर पडलं की जोर जातो. कॉलेजांनाही सिलिंडर देत नाही. प्रयोगापुरता क्लोरीन पोटॅशियम परमँगनेटवर संहत हायड्रोक्लोरिक आम्ल थेंब थेंब सोडून, धूर ओढणाऱ्या कपाटात तयार होतो. कोरडा हवा असेल तर सल्फ्युरिक आम्लातून न्यायचा. कारखान्यांचं गणित वेगळं: असेटिक आम्लापासून मोनोक्लोरोअसेटिक आम्ल करणाऱ्याला गॅसच लागतो.

आता मिठाच्या पाण्यातून वीज सोडून जागेवरच हायपोक्लोराइट, म्हणजे पाणी शुद्ध करणारं क्लोरीनचं द्रावण, बनवणारी यंत्रं येताहेत. तिथं टनर लागत नाही, म्हणजे आमची विक्री घटणार. त्यांचे इलेक्ट्रोड साफ करायचं काम धाकट्या भावाने हाती घेतलंय.