एलसीएवरचा एक कोड आणि मुद्रितशोधकाचा पगार

अमेरिकेत एच-१बी व्हिसावर मुद्रितशोधनाचे काम करणाऱ्या माणसाला कमीत कमी किती पगार मिळायला हवा, असे मला गेल्या काही महिन्यांत तीन-चार जणांनी विचारले, आणि विचारताना प्रत्येकाच्या मनात ताशी सव्वासात डॉलर हा एकच आकडा होता. तो आकडा खरा आहे. २४ जुलै २००९ पासून तिथले केंद्रीय किमान वेतन ताशी ७.२५ डॉलर आहे आणि अनेक राज्यांचे किमान वेतन त्याहून जास्त आहे. परंतु कंपनीने अर्ज करून ज्याला व्हिसावर आणले आहे, त्याच्या पगाराचे मोजमाप या आकड्याने होत नाही. त्याच्यासाठी कायद्याने वेगळी आणि बरीच वरची रेषा आखलेली आहे. ती रेषा कुठून येते, हे मला स्वतःला नोकरीची दोन वर्षे उलटल्यावर कळले. मी वकील नाही, मुद्रितशोधक आहे. जे लिहीत आहे ते स्वतःचे कागद वाचताना आणि त्यामागचे नियम शोधताना समजलेले आहे.

१९९०च्या इमिग्रेशन कायद्याने एच-१बी व्हिसाला आजचे रूप दिले आणि त्याच्यासोबत ‘लेबर कंडिशन ॲप्लिकेशन’ आले, ज्याला सगळे एलसीए म्हणतात. व्हिसाचा अर्ज करण्याआधी कंपनीने हा कागद श्रम खात्याकडे मंजूर करून घ्यायचा असतो. त्यात कंपनी लेखी हमी देते की दोन वेतनांपैकी जे जास्त असेल ते ती या माणसाला देईल. पहिले ‘प्रचलित वेतन’, म्हणजे त्या भागात त्या व्यवसायाला मिळणारे वेतन. दुसरे ‘प्रत्यक्ष वेतन’, म्हणजे तशाच कामासाठी आणि तशाच पात्रतेच्या स्वतःच्या इतर कर्मचाऱ्यांना कंपनी जे देते ते. ऑस्ट्रेलियाच्या नागरिकांसाठीचा ई-३ आणि सिंगापूर व चिलीच्या नागरिकांसाठीचा एच-१बी१ या व्हिसांनाही हाच कागद लागतो. कंपनीअंतर्गत बदलीच्या एल-१ व्हिसाला मात्र तो लागत नाही, त्यामुळे तिथे हे संरक्षणही नाही.

प्रचलित वेतन काढायचे तर आधी व्यवसाय कोणता हे ठरवावे लागते, आणि माझ्या मते सगळी मेख इथे आहे. प्रत्येक व्यवसायाला सरकारी वर्गीकरणात सहा आकड्यांचा एक कोड असतो. मुद्रितशोधकांचा कोड ४३-९०८१. त्याची व्याख्या मी इतक्या वेळा वाचली आहे की ती मला पाठ झाली आहे: प्रत किंवा जुळवलेले प्रूफ वाचून व्याकरणाच्या, छपाईच्या आणि मांडणीच्या चुका शोधणे व दुरुस्तीसाठी त्यांवर खुणा करणे. ब्रेल लिपीतील मजकुराचे मुद्रितशोधन करणारे त्यात येतात. ज्यांचे मुख्य काम मजकुराचे संपादन करणे हे आहे, ते मात्र त्यात येत नाहीत; त्यांचा कोड २७-३०४१, संपादकांचा. वर्गीकरणात यांतला एक कोड कार्यालयीन साहाय्याच्या कामांमध्ये बसतो, दुसरा माध्यमे आणि कलांच्या गटात. ‘खुणा करणे’ आणि ‘संपादन करणे’ यांत फक्त दोन शब्दांचा फरक आहे, पण तेवढ्याने माणूस एका वेतनतक्त्यातून दुसऱ्या वेतनतक्त्यात जातो.

माझ्या नोकरीच्या पहिल्या दिवशी मला एलसीएची प्रत मिळाली. कामावर रुजू होण्याच्या दिवसापर्यंत ती कर्मचाऱ्याला दिलीच पाहिजे असा नियम आहे, आणि कंपनीने तो पाळला. मी ती न वाचता फाइलला लावली. त्याआधी तोच कागद कार्यालयात दोन ठिकाणी दहा दिवस लावलेला होता, तोही नियमच आहे. पुढच्या वेळी तो प्रिंटरशेजारच्या फळ्यावर लागलेला मी पाहिला तेव्हा लक्षात आले की त्या फळ्याकडे आमच्यापैकी कोणीही कधी बघत नाही. दोन वर्षांनी व्हिसाच्या मुदतवाढीचा विषय निघाला आणि एका संध्याकाळी मी ती जुनी प्रत बाहेर काढली. व्यवसायाच्या रकान्यात ४३-९०८१ होते, वेतनाचा स्तर पहिला.

त्या दोन वर्षांत मी काय करत होते? पाठ्यपुस्तकांची प्रुफे वाचत होते, हे खरे. पण त्याच्या आधीच्या टप्प्यात लेखकाची परिच्छेदरचना बदलणे, तक्त्यातील आकडे मूळ स्रोताशी ताडून पाहणे, विसंगत प्रकरणे लेखकाकडे प्रश्न लिहून परत पाठवणे आणि कधी कधी संपूर्ण पान नव्याने लिहून काढणे, हे माझ्या आठवड्याचे निम्म्याहून अधिक काम होते. माझ्या शेवटच्या वाचनानंतर प्रत थेट छपाईला जात असे. पहिल्या स्तराचे वर्णन श्रम खात्याच्या मार्गदर्शिकेत असे आहे की त्या माणसाला व्यवसायाची प्राथमिक समज असते, त्याच्यावर जवळून देखरेख असते आणि त्याचे काम अचूकतेसाठी पुन्हा तपासले जाते. माझ्यानंतर तपासणारे कोणी नव्हते.

हे स्तर कसे पडतात ते थोडे सविस्तर सांगते, कारण याबाबत गैरसमज फार आहेत. श्रमविषयक सांख्यिकी कार्यालयाच्या वेतन सर्वेक्षणातून प्रत्येक भागासाठी आणि प्रत्येक व्यवसायासाठी चार स्तर काढले जातात, आणि हे तक्ते दर वर्षी १ जुलैला बदलतात. सरकारी सर्वेक्षणात चार स्तर असलेच पाहिजेत हे २००४च्या सुधारणा कायद्याने ठरवले. प्रचलित वेतनाच्या ९५ टक्के दिले तरी चालत असे, ती सवलतही त्याच कायद्याने काढून टाकली. पहिला आणि चौथा स्तर सर्वेक्षणातून येतात आणि मधले दोन निव्वळ गणिताने. समजा पहिला स्तर वर्षाला ४०,००० डॉलर आणि चौथा ७०,००० असेल, तर फरकाचे तीन समान भाग करायचे. दुसरा स्तर ५०,००० आणि तिसरा ६०,०००. २०२० साली सरकारने हे चारही स्तर एकदम वर नेण्याचा प्रयत्न केला, पण लोकांची मते न मागवता नियम आणल्यामुळे त्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये न्यायालयाने तो रद्द केला.

गैरसमज असा की आपला अनुभव जितका जास्त तितका स्तर वरचा. मलाही तसेच वाटत होते. सहा वर्षांचा अनुभव असलेल्या माणसाला पहिला स्तर कसा, या विचाराने मी ती रात्र अस्वस्थ होते. परंतु स्तर ठरतो तो त्या जागेसाठी कंपनीने काय मागितले आहे यावरून: किती अनुभव, कोणते शिक्षण, कोणते विशेष कौशल्य, कोणावर देखरेख करायची आहे का. माणसाजवळ याहून अधिक काही असले तरी त्याने स्तर बदलत नाही. माणसाचा अनुभव मोजला जातो तो दुसऱ्या वेतनात, प्रत्यक्ष वेतनात. तिथे कंपनीने आपल्या तशाच कर्मचाऱ्यांचा पगार अनुभव, शिक्षण, जबाबदारी आणि विशेष ज्ञान पाहून कसा ठरवला, याचे स्पष्टीकरण लेखी ठेवायचे असते. ते एका फाइलमध्ये असते आणि एलसीए दाखल झाल्यापासून कामकाजाच्या एका दिवसाच्या आत ती फाइल कोणालाही पाहता आली पाहिजे. मी ती मागितली तेव्हा मनुष्यबळ विभागातील बाईंना तिचे नाव माहीत होते, पण ती याआधी कोणी मागितल्याचे त्यांना आठवत नव्हते.

एखाद्या जागेचे काम दोन व्यवसायांत विभागलेले असेल तर काय करायचे, याचेही उत्तर त्याच मार्गदर्शिकेत आहे: ज्याचे वेतन अधिक तो कोड घ्यायचा. माझ्या बाबतीत तसे झाले नव्हते. मग मंजुरी कशी मिळाली? श्रम खाते सात कामकाजाच्या दिवसांत एलसीएवर निर्णय देते, आणि त्या अवधीत ते एवढेच पाहते की कागद पूर्ण भरलेला आहे आणि त्यात उघड दिसणारी चूक नाही. कोड कामाशी जुळतो की नाही, हे त्या वेळी कोणी तपासत नाही. पुढे व्हिसाच्या अर्जावर निर्णय देणारे खाते ते तपासू शकते, आणि जुळत नसेल तर अर्ज नाकारू शकते. तेव्हा नुकसान होते ते कर्मचाऱ्याचे. मुद्रितशोधकांच्या कोडबाबत ही अडचण आणखी वाढते, कारण एच-१बीसाठी कामाला विशिष्ट विषयातील पदवी आवश्यक असल्याचे दाखवावे लागते आणि निव्वळ मुद्रितशोधनासाठी ते पटवणे अवघड जाते.

आमच्या व्यवसायात आणखी दोन नियम सतत मोडले जातात, म्हणून ते सांगितलेच पाहिजेत. लेखकाकडून प्रत उशिरा येते, पाने जुळवायला वेळ लागतो, आणि मधले आठवडे मुद्रितशोधकाकडे काम नसते. ‘तोवर घरी बसा, काम आले की पगार सुरू करू’ असे सांगणे एच-१बीवरच्या माणसाच्या बाबतीत बेकायदेशीर आहे. काम नाही हा कंपनीचा प्रश्न आहे आणि त्या काळाचाही पूर्ण पगार द्यावा लागतो. कर्मचाऱ्याने स्वतःहून रजा मागितली असेल किंवा आजारपणासारख्या कामाशी संबंध नसलेल्या कारणाने तो येऊ शकत नसेल, तरच सूट आहे. देशात आल्यावर ३० दिवसांच्या आत, किंवा आधीपासून तिथेच असेल तर व्हिसाचा दर्जा बदलून एच-१बी झाल्यावर ६० दिवसांच्या आत, पगार सुरू झालाच पाहिजे, मग पहिले प्रूफ टेबलावर आलेले असो वा नसो. त्याचप्रमाणे पानामागे ठरावीक रक्कम देण्याची आमच्याकडची जुनी पद्धत वापरून महिन्याचा पगार ठरलेल्या वेतनाखाली नेता येत नाही. वकिलांची फी आणि अर्जाचा खर्च हा कंपनीचा खर्च मानला जातो. तो पगारातून कापून वेतन त्या रेषेखाली आणणेही चालत नाही.

विद्यापीठाच्या प्रकाशनगृहात काम करणाऱ्यांची गोष्ट थोडी वेगळी आहे. विद्यापीठांसाठी प्रचलित वेतनाचा तक्ताच निराळा असतो, कारण त्यात त्या भागातील फक्त तशाच संस्थांचे पगार धरले जातात. म्हणून शेजारच्या खाजगी प्रकाशनातील मित्राच्या आकड्याशी तुलना करून घाबरू नये. आपला तक्ता कोणता ते आधी पाहावे.

तक्रार करायची तर श्रम खात्याच्या वेतन व कामाचे तास विभागाकडे डब्ल्यूएच-४ हा फॉर्म भरता येतो, शेवटच्या उल्लंघनापासून १२ महिन्यांच्या आत. तक्रार केली म्हणून त्रास देणे कायद्याने निषिद्ध आहे. तरीही नोकरी गेली तर देशात राहायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, आणि ही मुदत डोळ्यांसमोर असलेली माणसे गप्प राहतात, याचे मला आश्चर्य वाटत नाही. मला त्याचे दुःख होते.

मी तक्रार केली नाही. कामाच्या नोंदी, लेखकांना पाठवलेली प्रश्नपत्रे आणि दोन्ही कोडच्या व्याख्या एकत्र करून मी वरिष्ठांकडे गेले आणि मुदतवाढीचा अर्ज खऱ्या कामाच्या कोडवर करावा असे सांगितले. तीन आठवडे काही कळले नाही. मग वकिलांनी २७-३०४१ हा कोड आणि दुसरा स्तर मान्य केला, आणि पगार त्याप्रमाणे वाढला. मागच्या दोन वर्षांच्या फरकाबद्दल कोणी काही बोलले नाही, आणि मीही त्या वेळी तो विषय लावून धरला नाही, याची बोच अजून आहे.

नव्या एलसीएचा मसुदा दाखल होण्यापूर्वी मी मागून घेतला. पट्टी लावून, एकेक रकाना, जसे प्रूफ वाचते तसा. कामाच्या जागेच्या पत्त्यात पिनकोडचे शेवटचे दोन आकडे उलटे पडले होते, आणि त्या उलट्या आकड्यांचा भाग शेजारच्या कौंटीत, म्हणजे वेगळ्या वेतनक्षेत्रात मोडत होता. समासात खूण करून मी तो परत पाठवला.