दैत्यांची गावं

उन्हाळ्यात आमच्याकडे कोहळ्याचे सांडगे घालतात. कोहळा बायकांनी आधी चिरायचा नाही, घरातल्या पुरुषानं पहिली चीर मारून द्यायची, असा नियम. त्यामुळे परवा ऐन डुलकीच्या वेळी मला हाक आली. विळीशी माझं कधी जमलं नाही, म्हणून सुरा घेतला. सालीवरची पांढरी भुकटी तळव्यांना लागली, सुरा निम्मा आत गेला आणि रुतून बसला. शेवटी सुऱ्यासकट कोहळा उचलून फरशीवर आपटला. फाटकन आवाज झाला आणि मी थेट टेंबलाईच्या टेकडीवर.

कोल्हापूरकरांना हे सांगायला नको. नवरात्रात ललितापंचमीला अंबाबाईची पालखी त्र्यंबोलीच्या, म्हणजे टेंबलाईच्या, भेटीला जाते. दैत्याला मारायला त्र्यंबोलीनं मदत केली आणि विजयाच्या समारंभाला तिला बोलवायचंच राहून गेलं. ती रुसून टेकडीवर जाऊन बसली. मग अंबाबाई लवाजम्यासकट समजूत काढायला निघाली, ती अजून दरवर्षी निघते. तिथं कोहळा फोडतात, आणि तो फोडते कुमारिका, त्रिशुळानं! आमच्या स्वयंपाकघरातला नियम टेकडीवर लागू नाही.

मी काकांच्या खांद्यावर होतो. मुलगी दिसलीच नाही, नुसतं त्रिशुळाचं टोक वर गेलेलं दिसलं. कोहळा फुटला आणि पुढची माणसं एकदम खाली वाकली. मोठमोठे बाप्ये, कोल्हापुरी तालमीत अंग कमावलेले, एका फोडीसाठी एकमेकांच्या अंगावर पडत होते. काकांनी मला खाली टाकलं म्हणा ना, आणि तेही घुसले. शर्टाचं बटण गमावून नखाएवढा तुकडा आणि दोन बिया घेऊन आले. तो ऐवज रुमालात बांधून घरी आला आणि धान्याच्या कोठीत गेला.

त्या रात्री आजीला विचारलं, कोल्हासुराला देवीनं मारलं ना, मग गावाला त्याचं नाव कसं? आजी म्हणाली, ‘मरताना मागितलं त्यानं. दिलं तिनं. मरणाऱ्याला न्हाई कसं म्हणायचं?’ वर्षाला एक कोहळाही त्यानंच मागून घेतला म्हणे.

‘कोल्ल’ हा कानडी शब्द, सखल जागा असा त्याचा अर्थ, ही व्युत्पत्ती मी नंतर वाचली. तळ्यांचं गाव, त्यामुळे पटतेही. पण शास्त्रीय व्युत्पत्तीचा एक दोष असतो. ती ऐकून कोणी खांद्यावरून उतरून धावत नाही.

तेव्हापासून एक खोडच लागली. गावाच्या नावाची पाटी दिसली की आत कोणी दैत्य दडलाय का बघायचं. आणि सापडतात हो! लोणारला लवणासुर. विष्णूनं त्याला मारलं, त्याचं दैत्यसूदनाचं देऊळ गावात आहे. जवळजवळ पावणेदोन किलोमीटर रुंदीचं ते खाऱ्या पाण्याचं विवर उल्कापातानं झालं हे शाळेतली पोरंही सांगतात, पण नाव लवणासुराकडेच. म्हैसूरला महिषासुर. चामुंडी टेकडीवर एका हातात खड्ग, दुसऱ्या हातात नाग घेऊन उभा आहे, आणि लोक फोटो त्याच्याबरोबर काढतात. गयेला गयासुर. मुंबादेवीच्या माहात्म्यात तर मुंबारक नावाच्या दैत्यानं वेगळीच शक्कल लढवली. गाव वगैरे नको, देवी, तूच माझं नाव घे, असं त्यानं मागितलं. म्हणजे १९९५ साली आपण ‘बॉम्बे’ पुसलं तेव्हा, कथेवर विश्वास ठेवायचा तर, मुंबारकाचंही भलं झालं.

कोल्हापुरातली वाटणीही बघण्यासारखी आहे. क्षेत्राचं पोथीतलं, सोवळ्यातलं नाव करवीर. ते तालुक्याला. शहर आणि जिल्हा मात्र कोल्हासुराच्या नावावर.

मला वाटायचं, हा आमच्याच गावचा तऱ्हेवाईकपणा. पण उस्मानाबादचं बघा. हैदराबादचे शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान यांच्यावरून पडलेलं ते नाव २०२३ मध्ये जाऊन धाराशिव झालं. केवढे वाद, केवढे मोर्चे, कोर्टकचेऱ्या. आणि धाराशिव कशावरून? तिथली आख्यायिका सांगते, धारासुरावरून. त्याला मारणाऱ्या धारासुरमर्दिनीचं देऊळही त्याच गावात आहे. म्हणजे निजाम उतरले आणि दैत्य पुन्हा पाटीवर चढला.

याच जिल्ह्यात तुळजापूर. साक्षात भवानीचं गाव, पण तालुक्याचं. तेव्हा तिचा पूर्ण पत्ता आता असा: तुळजाभवानी, मुक्काम पोस्ट तुळजापूर, जिल्हा धाराशिव. तिची काही तक्रार असल्याचं ऐकिवात नाही.