फुटाला एक सूत

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावरची पाणीपातळी ५५ फुटांच्या वर गेली, तेव्हा आमचा बारा-दहा ट्रक प्रयाग चिखलीत गोठ्यामागं उभा होता. धोक्याची पातळी ४३ फूट, हे कोल्हापुरात शेंबड्या पोरालाही पाठ असतं. म्हशी काढल्या, माणसं काढली. ट्रक कोण काढणार? अकरा वर्षं तो जागचा हलला नव्हता आणि टायर मातीत रुतले होते.

पाणी उतरल्यावर जाऊन बघितलं तर हौद्यात गाळ, कॅबिनमध्ये गाळ आणि बॉनेटवर कुणाची तरी निळी बादली. भंगारवाला दुसऱ्याच दिवशी आला आणि किलोचा दर सांगून गेला. माझे वडील, आबा, काहीच बोलले नाहीत. त्यांनी ट्रंकेतून आरसी बुक काढलं आणि उशीखाली ठेवलं. मी काय समजायचं ते समजलो.

गाडी १९६६ ची, टाटा-मर्सिडीज. टेल्कोचा, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सचा, डाइमलर-बेंझशी करार १९५४ ला झाला आणि १९६९ ला संपला. त्या पंधरा वर्षांतल्या ट्रकांच्या नाकावर तारा असायचा, पुढं त्याच जागी टाटांचा टी आला. बारा-दहा म्हणजे १२१०, गाडी आणि माल मिळून १२ टन आणि साधारण १०० हॉर्सपॉवर. आमच्या आजोबांनी तो गुऱ्हाळावरचे गुळाचे रवे मार्केट यार्डात नेण्यासाठी घेतला, पुढं आबा तोच ट्रक आंबा घाटातून रत्नागिरीला न्यायचे. हौद्याच्या फळ्या अजूनही उन्हात तापल्या की गुळाचा वास येतो. निदान मला तरी येतो. बायको म्हणते गाळाचा येतो.

मी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीच्या पॅटर्न शॉपला, म्हणजे ओतकामाचे नमुने बनवणाऱ्या खात्यात, २४ वर्षं आहे. इंजिन खोलणं हे माझं काम नव्हे. त्यासाठी शिवाजी उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींना धरलं. वय चौऱ्याहत्तर. त्यांचा पहिला प्रश्न, ‘सेल मारलास काय?’ सेल म्हणजे स्टार्टर.

नाही म्हणालो. खरं तर पुतण्यानं ट्रॅक्टरची बॅटरी लावून एकदा मारला होता, पण आमचं नशीब थोर, सेल मोटारच कुजलेली निघाली. पाणी शिरलेल्या इंजिनाला सेल मारला तर पाणी दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. मिस्त्रींनी ऑइल चेंबरचा ड्रेन नट सैल केला तर आधी तीन-चार लिटर पाणी आलं आणि मग काळं ऑइल. पाणी जड, ते तळाशी बसलेलं. मग डिझेलचे सहाही नोझल काढून प्रत्येक भोकात अर्धं डिझेल, अर्धं ऑइल ओतलं आणि वर चिंध्या कोंबल्या.

‘आता घरी जा. रोज यिऊन बघू नगंस.’

मी रोज गेलो. अकराव्या दिवशी त्यांनी फ्लायव्हीलच्या दातात पहार घातली आणि हळूच रेटली. एक दात सरकला. मग मागं, मग दोन दात. पाऊण तासात पूर्ण फेरा झाला, तेव्हा मिस्त्रींनी तंबाखूची चंची काढली आणि माझ्यासमोर धरली. मी खात नाही. त्या दिवशी खाल्ली.

इंजिनचा ब्लॉक रॉकेलनं धुतला आणि घोळ समोर आला. हे इंजिन या ट्रकचं नव्हतंच. त्या काळच्या गाडीत हवं मर्सिडीजचं ओएम ३१२ इंजिन. ९० मिलिमीटर बोर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, १२० स्ट्रोक, ४५८० सीसी. आमच्यात बसलेलं होतं टाटाचं ६९२. नावातच सगळं आलं, सहा सिलिंडर आणि ९२ चा बोर. जुन्याचंच पुढचं भावंड. रात्री आबांना विचारलं. ते निवांत म्हणाले, ‘त्र्याऐंशीला आंबा घाटात ब्लॉक फुटला. अपघाताच्या गाडीचं हे घेतलं. एका सीझनचं गुळाचं भाडं त्यात गेलं.’ जणू चप्पल बदलल्याचं सांगावं.

मी हट्टाला पेटलो. गाडी उभी करायची तर कारखान्यातून निघाली तशीच. कुर्ल्यात एक ओएम ३१२ असल्याचं कळलं, दोनदा जाऊन आलो, टोकन द्यायचं तेवढं राहिलं होतं. मिस्त्री ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, ‘आरं, त्यो कुणाचा तरी दुसऱ्याचा ट्रक व्हतोय मग.’ मला राग आला आणि चार महिने मी तिकडं फिरकलो नाही. मग एकदा कामावर जाताना मनातच हिशेब मांडला. मूळ इंजिन या गाडीत १७ वर्षं होतं, १९६६ ते ८३. ६९२ नं ८३ पासून २००८ पर्यंत २५ वर्षं ओढली. माझ्या शाळेची फी भरली ती ६९२ नं. टोकन दिलं नाही.

बाकी पार्टांच्या बाबतीत मात्र मी ओरिजिनलचा आग्रह सोडला नाही, आणि तिथं बराच शहाणा झालो. मेणकागदात गुंडाळलेले जुने मेन बेअरिंग मिळाले, चाळीस वर्षं दुकानाच्या माळ्यावर पडलेले, आरशासारखे. धातू असा थांबतो. रबर थांबत नाही. त्याच माळ्यावरचे ब्रेकचे रबरी कप, सीलबंद, ओरिजिनल, छान छापील डबीत. बोटानं दाबले आणि चुरमुऱ्यासारखे फुटले. रबर कायम नवंच घ्यायचं, डबी हवी तर शोकेसला ठेवा. दुसऱ्या एका शहरातल्या दुकानदारानं मला पिस्टन रिंगांचा सेट ‘१९६८ चा कंपनी माल’ म्हणून तिप्पट भावात दिला. घरी येऊन खोका बघतो तर पत्त्याखाली सहा आकडी पिनकोड. पिनकोड आपल्याकडे आला १९७२ च्या १५ ऑगस्टला. फोन केला तर गृहस्थ म्हणाले, ‘खोका नंतरचा असंल, माल आधीचा हाय.’ यावर काय बोलणार.

आणि मग मॅनिफोल्ड. सायलेन्सरकडं जळका धूर नेणारा बिडाचा, म्हणजे कास्ट आयर्नचा, भाग, पुरात पार सडलेला, तीन ठिकाणी चिरा. बीड वेल्डिंग करायला आधी नीट तापवावं लागतं, निकेलची काडी लागते, आणि तरी शेजारी नवी चीर पडते. आमची पडली. आता इथं माझा प्रांत सुरू झाला. ओतून घेऊ म्हटलं.

जुना भाग टेबलावर ठेवला आणि सवयीनं भोकं बघितली. मधली भोकं गोल. दोन्ही टोकांची लांबट, कानशीनं घासून वाढवलेली. कितीनं? मोजलं, बरोबर एक-एक सूत. मी मोठ्यानं हसलो. शेजारच्या पोराला वाटलं साहेबांना काहीतरी झालं.

पॅटर्नवाल्याला पहिल्या दिवशी शिकवतात ते हे, की वितळलेलं बीड थिजून गार होताना आकसतं, फुटाला एक सूत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करतात, त्याची पट्टीच वेगळी असते. कुणी जुना पार्टच पॅटर्न म्हणून वाळूत दाबला तर निघणारा माल तेवढा आखूड येणार. आमचं मॅनिफोल्ड दोन फुटांचं. दोन सूत आखूड, म्हणजे टोकाला एकेक. कधीतरी कुणीतरी मूळ पार्ट असाच वाळूत दाबून नक्कल काढली होती आणि बसेना म्हणून भोकं घासली होती. टोकाच्या सिलिंडरांवर पॅकिंग कधी नीट बसलंच नसणार. लहानपणी घाटात कॅबिनमध्ये धूर यायचा, डोळे चुरचुरायचे, आबा ‘काच खाली कर’ म्हणायचे, त्याचं कारण माझ्या टेबलावर पडलं होतं. त्या नक्कलेची मी नक्कल काढली असती तर आणखी दोन सूत गेली असती.

म्हणून मापं जुन्या पार्टवरून न घेता इंजिनच्या हेडवरून घेतली. सागवानाचा पॅटर्न आणि आतल्या पोकळीसाठी वाळूचे कोअर दोन रविवारांत केले. मालकांनी भट्टीच्या एका हीटच्या शेवटी शिल्लक बिडातून ओतू दिलं. पहिल्या ओतीव मालाला गॅसनं भोक पडलं, कोअर ओला राहिला होता, चूक माझी. दुसरा घंटेसारखा वाजला. त्याच्या मागच्या बाजूला, बसवल्यावर दिसणार नाही अशा जागी, मी उठावात कोल्हापूरचं ‘को’ आणि सालाचे चार आकडे ठेवलेत. उद्या कुणी ही गाडी खोलली तर त्याला कंपनीचा माल समजून फसायला नको.

मधे एक सरकारी गंमत कळली. ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये व्हिंटेज नोंदणीचा नियम आला. वेगळी ‘व्हीए’ मालिका, फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. पण तो दुचाक्यांना आणि माणसं नेणाऱ्या खासगी चारचाक्यांना. ट्रक त्यात बसत नाही. दसऱ्याला दसरा चौकात छत्रपतींची जुनी मेबॅक मोटार येते, लोक पोरांना खांद्यावर घेऊन दाखवतात, मीही दाखवलीय. गूळ ओढणाऱ्याला मात्र व्हिंटेज व्हायची सोय नाही.

गेल्या पाडव्याला चालू करायचं ठरलं. या इंजिनाला हीटर प्लग आहेत, सहाही एका माळेत, एक जळला की सगळे गार. त्या सकाळी तिसऱ्याचा गेला. नवा बसवला. डॅशबोर्डवरची तार लालभडक होईपर्यंत मिस्त्रींनी बटण ओढून धरलं, मग सेल. दोनदा नुसतं गुरगुरलं. तिसऱ्यांदा पांढऱ्या धुरात अख्खा गोठा दिसेनासा झाला, म्हशी बिथरल्या, आणि इंजिन लागलं.

ब्रेक अजून व्हायचेत, त्यामुळं गाडी फक्त वीस फूट पुढं आणि वीस फूट मागं, पुतण्या चाकामागं दगड घेऊन तयार. आबांना दोघांनी धरून कॅबिनमध्ये चढवलं. त्यांनी गियरच्या दांड्यावरून हात फिरवला. रेस दिली. मग सवयीनं काच खाली केली, थोडा वेळ वास घेत बसले आणि माझ्याकडं वळून म्हणाले, ‘धूर कुठं हाय रं?’