चांदी पचवणारे बॅक्टेरिया आणि आमचे 'आर आर आर' वाले रिपोर्ट

ज्यांच्या घरातलं कुणी आयसीयूत राहून आलंय त्यांनी कल्चर-सेन्सिटिव्हिटीचा रिपोर्ट बघितलेला असतो. एका बाजूला अँटिबायोटिक्सची लांबलचक यादी, प्रत्येकापुढे एक अक्षर, एस म्हणजे औषध लागू पडेल आणि आर म्हणजे जंतू दाद देत नाहीये. मी मायक्रोबायोलॉजीवाली, लॅबमधे हेच रिपोर्ट काढते, आणि ॲसिनेटोबॅक्टर बौमानी किंवा क्लेबसिएला हे आयसीयूतले चिवट जंतू उगवले की कितीदा तरी वरपासून खालपर्यंत आर आर आर असंच असतं, मग शेवटी कोलिस्टिन या राखून ठेवलेल्या अँटिबायोटिकचा विषय निघतो, आणि ते किडनीला त्रास देतं हे डॉक्टरांनाही माहीत असतं नि आम्हालाही. २०१९ या एकाच वर्षात जगात जवळपास १२.७ लाख माणसं थेट अशा रेझिस्टंट इन्फेक्शनमुळे गेली असा अंदाज २०२२ साली लॅन्सेटमधे आला होता. नवीन अँटिबायोटिक्स येतायत पण फारच हळू. त्यामुळे जुन्या औषधांना परत कामाला लावणारं काहीही दिसलं की मी थांबून वाचते, आणि त्यात मला सगळ्यात जास्त धरून ठेवलेला विषय म्हणजे बॅक्टेरियाकडूनच बनवून घेतलेले चांदीचे नॅनोपार्टिकल्स, म्हणजे अतिसूक्ष्म कण.

चांदी जंतू मारते हे जुनंच आहे, भाजलेल्या पेशंटला लावतात ती पांढरी सिल्व्हर सल्फाडायझिनची क्रीम १९६८ पासून वापरात आहे. पण मग चांदीच्या खाणीतल्या मातीत बॅक्टेरिया जगतात कसे? तर तिथूनच मिळालेला एक बॅक्टेरिया आहे, स्यूडोमोनास स्टुट्झेरी एजी२५९. स्वीडनमधल्या उप्सालाच्या टीमनं त्याला सिल्व्हर नायट्रेटच्या चांगल्या कडक डोसमधे वाढवलं आणि इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघितलं तर पेशीच्या टोकांना, आतल्या नि बाहेरच्या आवरणाच्या मधल्या जागेत, चांदीचे स्फटिक साठलेले, काही चक्क त्रिकोणी, काही षटकोनी, मोठ्यात मोठे २०० नॅनोमीटरपर्यंत (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग). हे १९९९ सालचं. म्हणजे बॅक्टेरिया चांदीचे विषारी आयन (विद्युतभार असलेले अणू) धरतो, त्यांना इलेक्ट्रॉन देऊन धातूची चांदी करून टाकतो आणि बाजूला ठेवून देतो. स्वतःचा जीव वाचवायला केलेली ही सोय, आणि आपल्याला मात्र त्यातून तयार नॅनोपार्टिकल मिळतं!

नंतर लक्षात आलं की यासाठी खाणीतलाच बॅक्टेरिया हवा असं काही नाही. आयआयटी मद्रासच्या नायर आणि प्रदीप यांनी २००२ मधे ताकातल्या लॅक्टोबॅसिलसकडून सोन्याचे आणि चांदीचे कण बनवून घेतले, आपलं साधं ताक! त्याच्या आधी २००१ मधे पुण्याच्या एनसीएलमधे (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) मुरली सास्त्री वगैरे मंडळींनी व्हर्टिसिलियम नावाच्या बुरशीकडून चांदीचे कण करून घेतले होते, आणि अमरावती विद्यापीठात महेंद्र राय यांच्या ग्रुपनं बुरशीच्या नॅनोसिल्व्हरवर खूप काम केलंय. या विषयात महाराष्ट्र मागे नव्हता, उलट सुरुवातीच्या लोकांत होता, आणि हे आपल्याकडच्या बीएस्सीच्या पोरांना कुणी सांगत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

करायची पद्धत ऐकायला सोपी आहे. बॅक्टेरिया ब्रॉथमधे (जंतूंच्या खाद्याच्या द्रवात) रात्रभर वाढवायचा, सेंट्रिफ्यूज करून पेशी खाली बसवायच्या, वरचं पाणी घ्यायचं, त्यात सिल्व्हर नायट्रेट घालून शेकरवर ठेवायचं, आणि फिकट पिवळं द्रावण हळूहळू तपकिरी होत जातं. तो तपकिरी रंग म्हणजेच नॅनो आकाराची चांदी, स्पेक्ट्रोफोटोमीटरवर (कुठला प्रकाश किती शोषला जातो ते मोजणारं यंत्र) साधारण ४२० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास पीक दिसतो. नायट्रेट रिडक्टेससारखी एन्झाइम्स हे काम करत असावीत असं बऱ्याच पेपरांत मांडलंय. आणि बॅक्टेरियाची प्रोटीन्स त्या कणांवर चिकटून बसतात त्यामुळे कण एकमेकांना चिकटून गोळा होत नाहीत, केमिकल पद्धतीत त्यासाठी वेगळं काहीतरी घालावं लागतं. इराणमधल्या शाहवेर्दी आणि सहकाऱ्यांनी २००७ मधे क्लेबसिएला न्यूमोनी वगैरेंच्या वरच्या पाण्यानं हे काही मिनिटांत करून दाखवलं, आणि हो, हा तोच क्लेबसिएला जो आमच्या रिपोर्टवर आर आर आर घेऊन येतो.

पुणे विद्यापीठात बाळू चोपडे सरांच्या ग्रुपनं २०१३ मधे केलेलं काम तर मला फारच आवडतं. त्यांनी कण बनवायला वापरला ॲसिनेटोबॅक्टर कॅल्कोॲसेटिकस, म्हणजे आयसीयूतल्या त्या बौमानीचा अगदी सख्खा म्हणावा असा नातेवाईक, लॅबमधे साध्या टेस्टनी दोघांना वेगळं ओळखणंसुद्धा अवघड जातं. तर या नातेवाइकानं बनवलेली चांदी अँटिबायोटिक्सबरोबर जोडून त्यांनी बौमानीसकट वेगवेगळ्या रोगजंतूंवर टाकून बघितली आणि नुसत्या औषधापेक्षा जोडीचा परिणाम जास्त दिसला.

आता ही जोडी का चालते ते सांगते, कारण माझ्या मते सगळा मुद्दा इथेच आहे. चांदीचा कण बॅक्टेरियाच्या आवरणाला चिकटतो, त्यातून आयन सुटत राहतात, ते प्रोटीन्समधल्या सल्फरवाल्या गटांना जाऊन धरतात, एन्झाइम्स बंद पडतात, आवरणाला भोकं पडतात, आत ऑक्सिजनचे घातक रेणू तयार होतात, एकाच वेळी चार ठिकाणी मार. आता व्हॅन्कोमायसिन घ्या. हे औषध ग्रॅम निगेटिव्ह बॅक्टेरियावर (ज्यांना बाहेरून एक जास्तीचं आवरण असतं, ई. कोलाय त्यातलाच) चालत नाही कारण रेणू इतका मोठा की बाहेरच्या आवरणातून आत शिरतच नाही, जिन्यातून वर न जाणारं गोदरेजचं कपाट जसं. पण आवरणच सैल झालं तर? बोस्टनमधे जेम्स कॉलिन्स यांच्या टीमनं २०१३ मधे हेच दाखवलं, साध्या चांदीच्या आयनबरोबर दिल्यावर व्हॅन्कोमायसिन ई. कोलायवर चालायला लागलं, आणि नुसतं प्लेटवर नाही तर पोटात इन्फेक्शन असलेल्या उंदरांमधेसुद्धा. म्हणून मला नॅनोसिल्व्हर हे अँटिबायोटिकला पर्याय म्हणून बघणं पटत नाही, ते अँटिबायोटिकचं दार उघडून देणारं सोबती आहे, आणि त्याच कामासाठी ते जपून ठेवायला हवं.

जपून का, तर बॅक्टेरिया चांदीलाही शिकतात. आपण सुरुवातच अशा बॅक्टेरियापासून केली ना जो चांदीच्या खाणीत आरामात राहतो! १९७५ मधे अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या भाजलेल्यांच्या वॉर्डात सिल्व्हर नायट्रेटला न जुमानणारा साल्मोनेला निघाला होता, तीन पेशंट दगावले, आणि पुढे कळलं की चांदीला तोंड देणारे जीन्स प्लाझमिडवर (डीएनएच्या छोट्या सुट्या तुकड्यावर) बसलेत, म्हणजे एका बॅक्टेरियाकडून दुसऱ्याकडे सहज जाणारे. नॅनोपार्टिकलचंही तसंच. चेक रिपब्लिकच्या पानाचेक यांच्या टीमनं २०१८ मधे दाखवलं की ई. कोलाय आणि स्यूडोमोनासला परत परत थोडी थोडी नॅनोसिल्व्हर देत राहिलं तर ते फ्लॅजेलिन नावाचं प्रोटीन जास्त सोडतात, त्यामुळे कण गोळा होऊन निकामी होतात, जीन बदलायची गरजसुद्धा पडली नाही. त्यांनी डाळिंबाच्या सालीचा अर्क वापरून ते फ्लॅजेलिन रोखून चांदीची ताकद परत आणून दाखवली, पण ते लॅबमधे, कृपा करून कुणी जखमेवर डाळिंबाची साल वाटून लावू नका.

आणि एकीकडे आपण काय करतोय, तर मोज्यात चांदी, फ्रीजमधे चांदी, वॉशिंग मशिनमधे चांदी. ते सगळं पाणी गटारात जातं, तिथे बॅक्टेरियाला रोज थोडा थोडा डोस, म्हणजे शिकवणीच. अँटिबायोटिक्सचं जे करून ठेवलं तेच इथे करतोय आणि मला याचा राग येतो. ऑनलाइन 'कोलॉइडल सिल्व्हर'च्या बाटल्या इम्युनिटीसाठी प्यायला विकतात तेही तसंच, ती चांदी अंगात साठून कातडी कायमची निळसर राखाडी होऊ शकते, अर्जिरिया म्हणतात त्याला, आणि तो रंग सहसा परत जात नाही.

शरीराच्या आत इंजेक्शननं द्यायचं हे मला अजून लांबचं वाटतं. कण लिव्हरमधे, प्लीहेत जाऊन बसतात. शिवाय ग्रॅम निगेटिव्ह बॅक्टेरियाकडून बनवलेल्या मालात त्यांच्या आवरणातलं एंडोटॉक्सिन नावाचं विष राहिलं तर ताप, शॉक, ते वेगळंच, म्हणून शुद्धीकरण फार कडक लागणार. प्रत्येक बॅचला आकार सारखा यायला हवा, आणि जिवंत गोष्टीकडून काम करून घेताना तेच कठीण. पण जखमेचं ड्रेसिंग, भाजलेल्याची पट्टी, लघवीची नळी यांवरच्या बायोफिल्मसाठी (जंतूंच्या चिकट थरासाठी) हे जमू शकेल असं मला मनापासून वाटतं, कारण तिथे कण जागच्या जागी काम करतो आणि रक्तात जायचं प्रमाण कमी ठेवता येतं.

जाता जाता, एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी हा विषय घेणारे बरेच जण असतात त्यांच्यासाठी. नुसता तपकिरी रंग आणि प्लेटमधल्या खड्ड्याभोवतीचा (वेलभोवतीचा) जंतू न वाढलेला झोन एवढ्यावर थांबू नका. तुमच्या द्रावणात न बदललेलं सिल्व्हर नायट्रेट उरलेलं असतं आणि झोन त्याचाच असू शकतो, म्हणून कण नीट धुवा, सिल्व्हर नायट्रेटचा आणि नुसत्या ब्रॉथचा कंट्रोल वेगळा लावा. ब्रॉथमधे मीठ असेल तर सिल्व्हर क्लोराइड तयार होतं, ते एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिक ओळखायची टेस्ट) केल्याशिवाय कळत नाही. एमआयसी (जंतूची वाढ थांबवणारा कमीत कमी डोस) काढाच, झोनचे मिलिमीटर कण किती सरकतो त्यावरही अवलंबून असतात. आणि जमलं तर एकच जंतू घेऊन त्याला रोज थोडी थोडी चांदी देत एमआयसी वाढते का ते बघा, वेळखाऊ आहे पण असं करणारे प्रोजेक्ट फार कमी बघायला मिळतात.